धाकटीच्या ड्रेसचं माप

मास्तर म्हणजे माझा नवरा. आख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणते, म्हणून मीही म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा 'अहो' म्हणायचे, पण दुकानात 'अहो' म्हटलं की चार गिऱ्हाइकं वळून बघायची. मग सोडून दिलं.

एकेचाळीस वर्षं हा माणूस कपडे शिवतोय. खाली दुकान, वर आमच्या दोन खोल्या. दुकानात दोन मशिनी, एक आरसा आणि कापायचं टेबल. मास्तर माप घेताना आकडा मोठ्यानं म्हणतात, मी तो वहीत लिहिते. काज-बटण, हातशिलाई आणि इस्त्री हे माझं खातं. मशीनला हात लावायची मला मुभा आहे, कातरीला नाही. कातर फक्त त्यांची.

आणि गर्व म्हणाल तर विचारू नका. कुणी पँट घट्ट झाली म्हणून आलं, तर मास्तर चष्म्यावरून बघणार आणि म्हणणार, "पँट बरोबर आहे. तुम्ही मध्ये काय काय खाल्लंत ते आठवा." गिऱ्हाईक हसलं तर ठीक, नाहीतर भांडण. एकदा एक नवरदेव लग्नाच्या आदल्या दिवशी कोट आणून टेबलावर आपटून गेला, तरी यांच्या तोंडून 'माझं चुकलं' निघालं नाही. कोट दुरुस्त करून दिला, फुकट दिला, पण शब्द नाही. मी त्यांना कितीदा म्हटलं असेल, मास्तर, एक शब्द बोललात तर जीभ झडणार आहे का? तर म्हणतात, "माप चुकलं असं शिंप्यानं म्हटलं की लोक दुसऱ्या शिंप्याकडे जातात."

हे सगळं ते शिकले सासूबाईंकडून. सासरे गेले तेव्हा मास्तर अकरा वर्षांचे होते, मधले भाऊजी आठ आणि धाकटी दोन. सासूबाईंनी नवऱ्याची मशीन पुढे ओढली आणि तीन पोरं त्या मशीनवर वाढवली. वर्षअखेरच्या सुट्टीला त्या एकच तागा आणायच्या, स्वस्तातला, आणि त्यातच सगळ्यांचे कपडे बसवायच्या. दोन शर्ट, एक फ्रॉक, स्वतःचा ब्लाउज. चौघं बाहेर पडले की लोक म्हणायचे, बँडवाले आले. धाकटी रडायची म्हणे. आता तीच दर वर्षी विचारते, "दादा, यंदा बँडचा रंग कुठला?"

कारण ती पद्धत सुटली नाही. भाऊजी दोन दिवसांच्या प्रवासावरच्या शहरात गेले, धाकटी समुद्रापलीकडे गेली, तरी मास्तर दर वर्षी एक तागा आणतात आणि सगळ्यांचं शिवून महिनाभर आधी पार्सल करतात. सुट्टीच्या पहिल्या दिवशी सकाळी अकरा वाजता सगळे आपापल्या घरी ते कपडे घालून बसतात आणि व्हिडिओ कॉल लागतो. आमच्या मुलीनं सासरी जाताना फोन टीव्हीला जोडायचं मला शिकवून ठेवलंय, म्हणजे सासूबाईंना माणसं मोठी दिसतात. मग सुरू होते तपासणी. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत, खुर्चीतून उठायला दोन माणसं लागतात, पण नजर अजून सुईत दोरा ओवणारी. "उभा राहा. हात वर कर. वळ. पाठ दाखव." भाऊजी अठ्ठावन्न वर्षांचे, ऑफिसात त्यांच्या हाताखाली तीस माणसं, पण इथे शाळेतल्या पोरासारखे गोल फिरतात. पोट पुढे आलंय. दर वर्षी म्हणतात, कापड आटलं वाटतं. सगळे हसतात. वर्षातून एवढाच एक तास हे कुटुंब एकत्र असतं, बाकी वर्षभर कुणाला कुणासाठी वेळ नसतो.

धाकटी तिकडे एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. लग्न केलं नाही, एकटी राहते. अंगानं चांगली भरलेली, गालांवर खळ्या, बोलायला लागली की समोरच्याला पाणी प्यायची उसंत देत नाही. तिचं माझं गूळपीठ आधीपासूनच. नणंद-भावजयीत असतं ते काही आमच्यात नव्हतं, कारण ती तेरा-चौदा वर्षांची असताना मी आले आणि तिची वेणी मीच घालायचे.

यंदा कापड निळं होतं. बारीक पांढरी रेघ असलेलं. मास्तरांनी भाऊजींचा शर्ट शिवला, सासूबाईंचा ब्लाउज शिवला, आमचं शिवलं आणि सगळ्यात शेवटी धाकटीचा ड्रेस घेतला. तो ड्रेस त्यांनी तीन दिवस घेतला. मी म्हटलंही, एवढं काय नक्षीकाम आहे त्यात? तर मान खाली घालून टीप मारत राहिले. मला वाटलं डोळे. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, दुसऱ्याचा काढायचा होता. त्याच महिन्यात त्यांनी एका बाईंची एक बाही दुसरीपेक्षा बोटभर आखूड कापली होती. कबूल केलं नाही, पण दुसरी बाही पुन्हा कापली ते मी पाहिलं होतं.

पार्सल न्यायला माणूस चारला येणार होता. मास्तर अडीचला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. जाताना सांगून गेले, "धाकटीचा ड्रेस इस्त्री करून ठेवलाय. तसाच घाल खोक्यात. उलगडू नको."

आता मला उलगडू नको म्हटलं की माझे हात शिवशिवतात. हा माझा स्वभावच, काय करू. बटणं मीच लावली होती, पण तेव्हा बाजूच्या शिवणी व्हायच्या होत्या. म्हटलं एकदा पुरा झालेला बघू तरी. उलगडला, टेबलावर पसरला, आणि मी चाटच पडले. एवढासा. ही धाकटी, की धाकटीची भाची?

टेप लावली. छाती चौतीस. वही काढली. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं, धाकटी, छाती चाळीस. सहा इंच कमी. कंबर त्याहून कमी. सहा इंच म्हणजे काही थोडंथोडकं नाही, सहा इंचांत अख्खं पोरगं मावतं. शिवाय आत बघते तर दोन्ही बाजूंच्या शिवणींत तीन तीन बोटं माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, सोडलेली. मास्तर एवढी माया कधी सोडत नाहीत, कापड वाया जातं म्हणून. मग तर माझी खात्रीच झाली. यांना दिसलं नाही नीट, कुठला तरी आकडा धरला, मनात शंका होती म्हणून माया ठेवली आणि आता मान्य करायला नको म्हणून मला म्हणतात उलगडू नको.

मला राग आला, खरं सांगते. आणि त्याहून कीव आली. वाटलं, ती बिचारी तिकडे ड्रेस चढवायला बघेल, तो खांद्यातच अडकेल, आणि अकरा वाजता सगळ्यांसमोर हसं होईल. भाऊजी म्हणतील, दादा, आता दुकान बंद कर. एकेचाळीस वर्षांची अब्रू एका ड्रेसपायी जायची. मी खाली बसले, ब्लेडनं दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवल्या आणि होती तेवढी सगळी माया सोडून चाळीसवर टीप मारली. कंबरही सोडली. पुन्हा इस्त्री केली. जुन्या टिपेची भोकं वाफेनं बुजवली. चारला माणूस आला, खोकं गेलं. मास्तर पाचला आले, विचारलं, "गेलं?" मी म्हटलं, "गेलं." आणि मनात म्हटलं, बायको आहे म्हणून वाचलात.

पार्सल यंदा रखडलं. धाकटीला ते सुट्टीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मिळालं. तिचा मेसेज आला, "मिळालं," एवढाच. एरवी दहा फोटो यायचे. मला वाटलं दमली असेल.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. सासूबाई मध्ये खुर्चीत, निळ्या ब्लाउजमध्ये. आधी भाऊजी आले. उभे राहिले, वळले, पोटावरचं बटण ताणलं होतं, सासूबाई म्हणाल्या, "एक चपाती कमी कर." हसणं झालं. मग धाकटीचा चौकोन उजळला.

ती बसलेली होती. खिडकीकडे पाठ करून, त्यामुळे चेहऱ्यावर अंधार. हसली, तेव्हा खळ्या दिसल्या नाहीत. मी म्हटलं कॅमेरा खराब असेल. ती बोलत होती नेहमीसारखी, बर्फ पडला, शाळेला सुट्टी लागली, शेजारीण केक देऊन गेली. पण मध्येच थांबत होती, श्वास घ्यायला.

"उभी राहा," सासूबाई म्हणाल्या.

"आई, बस की यंदा. छान झालाय गं ड्रेस."

"उभी राहा म्हणते ना."

ती उठली. समोरून ड्रेस तसा ठीक दिसत होता, फक्त खांदे खाली उतरले होते आणि बाह्यांतून मनगटं कशीतरी बाहेर आली होती. मास्तर माझ्या बाजूला बसले होते. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. त्या एका नजरेत मला कळलं की मी काहीतरी भयंकर करून बसलेय, पण काय ते कळेना.

"वळ," सासूबाई म्हणाल्या. "पाठ दाखव."

धाकटी हलेना. भाऊजी तिकडून म्हणाले, "वळ गं, मी वळलो की." मग ती वळली. पाठीवर, मानेपासून कंबरेपर्यंत, कापड मुठीनं गोळा करून पिना लावलेल्या होत्या. एकाखाली एक. मी सात मोजल्या. एका हातानं मागे लावलेल्या, म्हणून वाकड्यातिकड्या. आणि त्या पिनांच्या वर मानेचा मणका वर आलेला.

टीव्हीचा आवाज पूर्ण मोठा होता, तिचा श्वास ऐकू येत होता.

सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग मास्तरांकडे न बघता म्हणाल्या, "माप चुकलं तुझं."

मास्तरांनी चष्मा काढला. "चुकलं, आई," ते म्हणाले. "डोळ्यांनी दिसत नाही आता. वही वाचताना घोळ झाला."

"हो ना," धाकटी लगेच वळून म्हणाली. "दादा म्हातारा झाला. माझ्यासारख्या दोघी मावतील यात." आणि ती हसली, भाऊजी हसले. सासूबाई म्हणाल्या, बस आता, उभी नको राहूस. पुढे दहा मिनिटं बोलणं झालं, पण काय झालं ते मला विचारू नका. माझे कान बंद झाले होते.

कॉल संपल्यावर मास्तर खाली दुकानात गेले. सुट्टी होती, शटर बंद होतं, ते आत दिवा लावून टेबलापाशी उभे राहिले. मी मागून गेले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही चार शब्द ऐकवले असते. त्यांनी फक्त विचारलं, "कधी उसवलास?"

मी सांगितलं. मग त्यांनी सांगितलं. चार महिन्यांपूर्वी दुपारी दुकानात धाकटीचा फोन आला होता. पोटात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, अर्ध्याहून जास्त जठर काढलं. आईला एवढ्यात सांगायचं नाही, आईचं हृदय कमजोर, डॉक्टरांनी धक्का बसू देऊ नका म्हटलेलं. एवढी सुट्टी आईला सुखानं बघू दे, अंगावर मांस चढलं की मीच सांगीन, असं तिचं म्हणणं. फक्त आईसमोर उभं राहायचं आहे, तर ड्रेस अंगाला बरोबर बसला पाहिजे. ड्रेस नीट बसला की आईला बारीक झालेय ते कळेल, पण आजारी आहे ते कळणार नाही. मी म्हणेन, जिमला जाते. माप तिच्या शेजारणीनं घेतलं आणि फोनवर सांगितलं.

"मी तिला दोनदा विचारलं," मास्तर म्हणाले. "टेप उलटी तर धरली नाही ना? सरळच होती." त्यांनी शर्टाच्या खिशातून एक घडीचा कागद काढला. त्यावर आकडे होते. वहीत लिहायला नको म्हणून कागद खिशात ठेवलेला, धुवायला टाकताना दर वेळी काढून दुसऱ्या शर्टात घालत असतील. चार महिने माझ्या हातून ते शर्ट धुतले गेले आणि मला पत्ता नाही.

"मला का नाही सांगितलंत?"

खरं तर विचारायचीही गरज नव्हती. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे गल्लीतल्या मांजरालाही माहीत आहे. माझी बहीण गरोदर असल्याचं तिच्या सासूला माझ्याकडून कळलं होतं.

"मग माया कशाला एवढी सोडलीत?" मी विचारलं. मला ती मायाच टोचत होती. ती नसती तर मी काही करूच शकले नसते.

"पुढच्या वर्षी उसवता यावं म्हणून."

मी तिथे स्टुलावर बसून रडले. म्हटलं, आपण जाऊ तिकडे, तुम्ही जा, मी आईंना बघते. ते म्हणाले, "तेही विचारलं तिला. म्हणाली, दादा, तू दुकान बंद करून विमानात बसलास की आईला त्याच दिवशी सगळं कळेल." तेही खरंच होतं. ज्या माणसानं ही सुट्टी आणि सासऱ्यांचं वर्षश्राद्ध सोडून कधी शटर खाली ओढलं नाही, तो अचानक समुद्रापलीकडे कशाला जाईल? आईंना न्यायचं म्हटलं तर त्या जिना उतरू शकत नाहीत. सगळ्या बाजूंनी दारं बंद. एक त्यातल्या त्यात उघडं होतं, ते मी टीप मारून बंद करून आले होते.

पण आईंना काही कळलं नसावं, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. त्या जेवल्या, दुपारी झोपल्या, संध्याकाळी टीव्ही बघितला. मास्तरांना दोनदा डोळ्यांचं दुसरं ऑपरेशन कधी म्हणून विचारलं. मला हायसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी वर सासूबाईंची नखं काढत होते. मास्तर खाली, मशीनचा आवाज येत होता. फोन वाजला. धाकटी. सासूबाईंना ऐकू यावं म्हणून आमच्याकडे घरातले सगळे फोन स्पीकरवरच घेतले जातात, तसा सवयीनं मी घेतला.

"वहिनी, आई जवळ आहे का?"

मी 'हो' म्हणणारच होते. सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि मान हलवली. नाही म्हण. अडतीस वर्षांत मी त्यांचा शब्द मोडला नाही, आणि खरं तर विचार करायलाही वेळ मिळाला नाही. "झोपल्यात," मी म्हटलं.

"बरं झालं. तुझ्याशीच बोलायचं होतं. दादानं सांगितलं तुला सगळं?"

"सांगितलं. मीच उसवला गं ड्रेस. माझ्या हाताला रोग झाला होता तेव्हा."

"जाऊ दे. मीपण पिना समोरून लावायला हव्या होत्या, वर शाल घेतली असती." ती थोडी हसली. मग म्हणाली, "आईला काही कळलं?"

सासूबाईंची बोटं माझ्या मनगटावर घट्ट होती. त्या माझ्या डोळ्यांत बघत होत्या.

"नाही गं," मी म्हटलं. "मास्तरांना बोलल्या फक्त."

"देवा. सुटले मी." तिचा श्वास ऐकू आला. "वहिनी, एक सांगते, दादाला सांगू नकोस. त्याला ऑपरेशनपर्यंतच माहीत आहे. ते परत आलंय. यकृतात. मागच्या आठवड्यात कळलं. आता काही करण्यासारखं नाही म्हणाले डॉक्टर. उन्हाळ्यापर्यंत, असं म्हणाले."

मला स्पीकर बंद करायला हवा होता. बटण तिथेच होतं, अंगठ्याखाली. पण माझा हात सासूबाईंच्या हातात होता आणि त्यांनी तो सोडला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. खालच्या ओठाला दात लावलेले, शिवताना लावायच्या तसे. मी "बरं, बरं" म्हणत राहिले. दुसरं काय म्हणणार होते?

मग सासूबाई माझ्या कानाशी आल्या आणि कुजबुजल्या, "जेवते का विचार."

"जेवतेस का गं?" मी विचारलं.

"दोन घास जातात. सूप जातं."

सासूबाईंनी मान हलवली, ठीक आहे म्हणून. धाकटी म्हणाली, आईला सांग मी रविवारी फोन करीन, तेव्हा आवाज नीट काढीन. फोन ठेवला. खाली मशीन चालू होती.

"मास्तरला यातलं काही सांगू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "आणि मला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस. तिनं एवढ्या पिना लावल्या माझ्यासाठी."

मी मान हलवली. त्यांनी दुसरा हात माझ्या मांडीवर ठेवला, त्या हाताची नखं राहिली होती. मी तो हात धरला, नेलकटर उचललं, आणि मला काही केल्या नखं दिसेनात.